टेकडीवरचे अकरा नळ

मंदाताईंना पाणी समितीचं अध्यक्ष केलं, ते त्या मुकाट सही करतील म्हणूनच.

मुरारची छावणी मागे टाकून हमरस्ता सोडला की नाहरपुरा लागतं. गावात मराठ्यांची घरं आता चारच उरलीत. कुणा खापरपणजोबांनी रिसाल्यात चाकरी केली, जमीन मिळाली, आणि पुढच्या पिढ्या इथल्याच झाल्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. मंदाताई एकतीस वर्षं सरकारी नर्स होत्या. गावातल्या निम्म्या पोरांच्या नाळा त्यांच्या हातांनी कापलेल्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी गाव त्यांना ‘सिस्टरजी’च म्हणायचं. समितीत बाई हवी असा वरून आदेश आला, तेव्हा सरपंचांना त्यांचंच नाव सुचलं. शिकलेली बाई, सरकारी कागदांत मुरलेली, आणि वर तिचा मुलगा हेमेंद्र नळाचं काम घेतलेल्या ठेकेदाराकडेच सुपरवायझर. अडचण येतेच कुठून?

गावात घरोघरी नळ लागले होते. खालच्या आळीत कधी रोज, कधी तिसऱ्या दिवशी पाणी यायचं. टेकडीवरच्या वस्तीत घरं अकरा. तिथेही प्रत्येक दारापुढे कंबरेएवढा सिमेंटचा खांब, त्याला निळा रंग आणि चकचकीत तोटी. पण दोन उन्हाळे उलटले तरी त्या तोट्यांतून थेंब म्हणून गळला नव्हता. विचारलं की उत्तर ठरलेलं, “प्रेशर कमी आहे, मोटर बदलायची आहे.” तिथल्या बाया आपल्या हमरस्त्याकडेच्या हातपंपावरून घागरी वाहत होत्या. जाताना उतार, येताना चढ.

एप्रिलच्या एका सकाळी ठेकेदार दौलतसिंह घरी आला. बरोबर पाणी खात्याचा एक तरुण इंजिनीअर होता. दौलतसिंहाने वाकून मंदाताईंच्या पायांना हात लावला, चहा घेतला, हेमेंद्रच्या कामाची तोंडभरून तारीफ केली आणि मग कागद पुढे सरकवला. गावातल्या सर्व घरांना नळाचं पाणी मिळतं, काम पूर्ण झालं आहे, असं त्यावर छापलेलं होतं. गुरुवारी ग्रामसभा, तिथे ठराव व्हायचा. समितीची सही आधी हवी होती.

“बस, यहाँ चाचीजी,” त्याने बोटाने जागा दाखवली.

“टेकडीवर पाणी आलं?” मंदाताईंनी हिंदीत विचारलं.

“आ जाएगा. हा कागद वर गेला की उरलेलं कामही सुटेल.”

“मग मी आधी वर जाऊन येते.”

“इतनी धूप में?”

“तिथल्या बायका याच उन्हात खाली उतरतात ना?” असं म्हणून मंदाताईंनी छत्री उचलली.

टेकडीवरचं पहिलं घर लीलाचं. तिची तिन्ही बाळंतपणं मंदाताईंनीच केलेली. लीला नुकतीच पाणी घेऊन चढून आली होती, पदराने मान पुसत होती. तिने खाट टाकली, त्यातलंच पाणी तांब्यात ओतून पुढे केलं. मंदाताईंनी ते घेतलं, आणि घेताना त्यांना लाज वाटली. दोन्ही वर्षं त्या समितीच्या अध्यक्ष होत्या, आणि प्रेशर कमी आहे हे त्यांनीही खरंच मानलं होतं. वर येऊन बघितलं नव्हतं.

उठताना त्यांनी आधारासाठी नळाच्या खांबाला हात लावला. खांब हलला.

“म्हैस पाठ घासते त्याला,” लीला म्हणाली. “ढिला झालाय.”

मंदाताईंनी जरा जोर लावला तसा खांब एका बाजूला कलंडला आणि मुळासकट उपटून आला. खाली वीतभर काळा पाइप होता, बस. त्याच्या टोकाला सिमेंटच्या पोत्याचा तुकडा कोंबलेला. पुढे मुरूम आणि दगड.

दोघींनी वाकून खड्ड्यात पाहिलं. मग लीलाने तोटी फिरवून पाहिली. इकडे, तिकडे. दोन वर्षं ती रोज सकाळी तेच करत आली होती.

“सिस्टरजी, मैं तो रोज इसको पोंछती थी,” ती म्हणाली आणि एकदम हसली.

दुसऱ्या घरी गेल्या, तिसऱ्या घरी गेल्या. शेवटी घरोघरच्या बायांनी पहारी आणून आपापल्या खांबाखाली उकरलं. अकराच्या अकरा तसेच.

हेमेंद्र दुपारी जेवायला घरी आला. मंदाताईंनी त्याचं जेवण होऊ दिलं. तो हात धुवायला उठला तेव्हा विचारलं, “टेकडीवर लाइन टाकलेली नाही. तुला माहीत होतं?”

त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “आई, वर पत्थर आहे. मशीन लागते. मी दौलतजींना बोललो होतो. ते म्हणाले, आत्ता खांब उभे कर, फोटो जाऊ दे, लाइन बाद में. मग ते बाद में राहूनच गेलं.”

“आणि मला प्रेशर सांगत राहिलास.”

“तू साइन करून टाक ना. सगळीकडे असंच चालतं. तू अडवलंस तर माझी नोकरी जाईल, और क्या होगा?”

मंदाताई पाटावर बसल्या. जे आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं ते त्या सांगू लागल्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात टेकडीवर जुलाबांची साथ आली होती. वरून क्षारांची पाकिटं आलीच नव्हती. साहेब म्हणाले, वाटली असं लिहा, पुढच्या आठवड्यात येतीलच. त्यांनी लिहिलं. कागदावर वस्तीची सोय झालेली दिसत होती, त्यामुळे कुणी धावून आलं नाही. त्या आठवड्यात दोन पोरं गेली.

“त्यातलं एक लीलाच्या नवऱ्याचा भाऊ होता,” त्या म्हणाल्या. “दीड वर्षाचा. तेव्हा मी घाबरले होते, माझीही नोकरी नवी होती. तुला घाबरू नको म्हणत नाही मी. पण माझी सही आता मिळायची नाही.”

दारात सूर्याजी उभे होते. मंदाताईंचे यजमान, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते आत आले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चपाती कमी पडणार नाही या घरात. बाकी तू बघ.”

हेमेंद्र मोटारसायकल काढून निघून गेला.

गुरुवारी पंचायतीच्या अंगणात कनात लागली होती. दौलतसिंहाने पहाटेच टँकर आणवून गावची टाकी भरून घेतली होती, त्यामुळे खालच्या आळीतले नळ धो धो वाहत होते आणि फोटोवाला त्यांचेच फोटो काढत होता. इंजिनीअर टेबलापाशी, शेजारी सरपंच, समोर सतरंजीवर गाव. मंदाताईंना खुर्ची दिली होती. त्या बसल्या नाहीत. फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या.

टेकडीवरून बाया उतरत होत्या. पुढे लीला. रोजच्यासारखीच डोक्यावर चुंबळ, पण चुंबळीवर घागर नव्हती. आडवा निळा खांब होता, आणि एका टोकाला तोटी उन्हात चमकत होती. मागे दहा जणी, तशाच. कनातीखाली बोलणं थांबलं. बाया टेबलापाशी आल्या आणि एकेक खांब इंजिनीअरच्या पायांशी ठेवू लागल्या. पहिला ठेवला तेव्हा धप्प आवाज झाला. अकरावा ठेवेपर्यंत बसलेली माणसं उठून पुढे सरकली होती.

“हे काय?” दौलतसिंह ओरडला. “सरकारी मालमत्ता आहे ही! उखडून आणलीत? केस होईल एकेकीवर!”

“करा,” मंदाताई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. “पहिलं नाव माझं लिहा. पण रिपोर्टात हेही लिहावं लागेल की पाइप किती खोल होता. किती लिहाल? वीतभर?”

कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. दौलतसिंहाने मान वळवून हेमेंद्रला हाक मारली. तो कनातीच्या खांबाला टेकून उभा होता.

“सुपरवायझर, सांग सगळ्यांना. लाइन टाकली होती की नाही? ह्यांनीच तोडली असेल.”

हेमेंद्रने आईकडे पाहिलं नाही. ती लीलाच्या शेजारी उभी होती, आणि त्याने लीलाकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

“नहीं डाली थी,” तो म्हणाला. “खांब मीच उभे करवले. खाली लाइन नाही. पहिल्या दिवसापासून नाही.”

मग जो गलका झाला त्यात कुणाचं काही ऐकू येईना. सरपंच हात जोडत होते. दौलतसिंह फोनवर बोलत गाडीकडे निघून गेला. इंजिनीअर बिचारा पोरगेला, बदली होऊन येऊन दोनच महिने झालेला. त्याने वाकून एका पाइपच्या तोंडातला पोत्याचा तुकडा बोटांनी ओढून काढला आणि तो हातात धरून बसला. मंदाताईंनी त्याच्यापुढचं ठरावाचं रजिस्टर आपल्याकडे ओढलं. पेन उघडलं आणि स्वच्छ हिंदीत लिहिलं की टेकडीवरच्या अकरा घरांना पाणी नाही, लाइन टाकलेली नाही, काम अधुरं आहे. त्याखाली पहिली सही त्यांची. दुसरी लीलाची, एकेक अक्षर जुळवत. मग रांग लागली. खालच्या आळीचे लोकही आले, ज्यांना पाणी मिळत होतं तेही.

हेमेंद्रची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. दौलतसिंहाने बायांवर पोलिसात तक्रार केली, हवालदार दोनदा चौकशीला आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मंदाताई त्याला टेकडीवर घेऊन गेल्या आणि अकरा खड्डे मोजून दाखवले. तिसऱ्यांदा तो फिरकला नाही. कागद मात्र परत फिरला. गावाने अधुरं लिहून दिल्यावर वरच्या अधिकाऱ्यांना पुरं म्हणता येईना. श्रावण सरता सरता दुसरा ठेकेदार खडक फोडायचं मशीन घेऊन आला. त्याला उताराची नाडी जाणणारा माणूस हवा होता. त्याने हेमेंद्रला विचारलं. आता हेमेंद्र चरात उतरून खोली मोजायला स्वतः टेप लावतो. आईशी तो अजून फारसं बोलत नाही. पण रोज जेवताना, कुणी न विचारता, आज किती लाइन गाडली ते सांगतो.

दिवाळीच्या आधी टेकडीवर पाणी चढलं. अकरांपैकी सात घरांत. वरची चार कोरडीच.

तोच इंजिनीअर नवा कागद घेऊन आला. या वेळी एकटाच, अदबीने. “माताजी, सात आले. चारही होतील. आता तरी?”

मंदाताईंनी कागद वाचला, घडी घातली आणि तो त्याच्या खिशात ठेवून दिला. छत्री उचलली.

“चला,” त्या म्हणाल्या, “वरच्या चार घरी चहा घेऊ. पाणी कुठून आणतात ते बघा. मग बोलू.”

तो थोडा घुटमळला. मग चढाला लागला.