पाठ पहिला: ध्रुवतारा शोधा

चौतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि सदुसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकायला बसलो. लोक विचारतात, कशाला? मी सांगतो, डोकं गंजू नये म्हणून. हे साफ खोटं आहे. माझी मुलगी अवंतिका चिलीत, ला सेरेना गावी असते. तिथल्या डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणींवर ती इंजिनियर आहे. नवरा तिकडचाच. त्यांचा मातेओ सात वर्षांचा, आणि त्याला फक्त स्पॅनिश येतं. दर रविवारी सकाळी साडेसहाला, म्हणजे त्यांच्या शनिवारी रात्री, आमचा व्हिडिओ कॉल असतो. मातेओ येतो, "ओला, आजोबा" असा स्पॅनिश नमस्कार करतो आणि पळतो. मी स्पॅनिश शिकल्यावरही तेवढंच. 'कसा आहेस, जेवलास का' याच्यापुढे त्या पोराशी बोलायचं काय, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

अशात माझा जुना विद्यार्थी ऋतुराज घरी आला. शिवाजी पेठेत एका तालमीच्या वरच्या खोलीत त्याचं ऑफिस. हौशी माणसाला दुर्बिणीशिवाय आकाश ओळखता यावं म्हणून त्यानं मोबाईल ॲप केलं होतं. फोन वर धरायचा, की तारे नावासकट दिसतात.

"सर, इंग्रजीत असली ॲप ढिगानं हाईत. पर स्पॅनिश बोलणारं वीस देश हाईत की! पाठ तुम्ही लिवा, आवाजबी तुमचाच."

"माझ्या आवाजानं पोरं वर्गात झोपायची रे."

"झोपायची, पर ध्यानात ऱ्हायचं."

मी लगेच हो म्हणालो. वीस देश गेले चुलीत, मला एका घरात शिरायचं होतं. तीन महिने खपून चाळीस पाठ लिहिले, तोंडाला फेस येईपर्यंत बोलून रेकॉर्ड केले. भाषा पुण्याच्या एका बाईंनी तपासली. अवंतिकाला मुद्दाम दाखवलं नाही, तिला चकित करायचं होतं ना! ॲप आलं तसं तिला पाठवून दिलं.

त्या रविवारी कॉल सव्वासहालाच आला. समोर मातेओ, कपाळाला आठ्या.

"आजोबा, तू चुकलास."

पहिल्याच पाठात मी म्हटलं होतं, उत्तरेकडे तोंड करा आणि ध्रुवतारा शोधा. चिलीतून ध्रुवतारा कधीच दिसत नाही. विषुववृत्ताच्या खाली गेलं की तो क्षितिजाआड जातो, हे पोरांच्या डोक्यात मीच आयुष्यभर भरलं. आणि पाठ लिहिताना मात्र मी आपला मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर उभा. लाजेनं मेल्यासारखं झालं. पण मातेओ जागचा हलला नव्हता.

"आमच्याकडे दक्षिणेचा क्रूस असतो, जवळजवळ डोक्यावर. तुझ्याकडे?"

"आम्ही त्याला त्रिशंकू म्हणतो. मे महिन्यात गगनबावड्याला गेलं, की अगदी खाली जरासा दिसतो."

"जरासाच?" त्याला माझी दया आली असावी. मग तो मला त्याचं आकाश समजावत बसला. बावीस मिनिटं. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो, हे संपू नये म्हणून.

"मग तुझा ध्रुव आहे कुठे?" असं म्हणत त्यानं आईचा फोन उचलला, ॲप उघडलं आणि खोलीभर फिरवलं. मग फोन हळूहळू खाली नेला. फोन जमिनीकडे धरला, की ॲप पलीकडच्या बाजूचे तारे दाखवतं.

"सापडला! फरशीखाली आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तू पण तिकडेच असतोस?"

"हो. साधारण तिकडेच."

मातेओ समोरून गायब झाला. गेलं पोरगं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात अवंतिकानं लॅपटॉप वळवला. मातेओ फरशीवर पालथा पडला होता. तोंडाभोवती दोन्ही हात धरून तो खाली ओरडत होता, "आजोबा! ऐकू येतंय का?"

माझ्या लॅपटॉपमधून त्याचा आवाज आमच्या घरभर घुमत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"नाही रे," मी म्हणालो, "अजून जोरात."