हत्तीगुट्ट्याच्या माथ्यावरची वही

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. दुकानातली नव्हे, कचेरीतलीही नव्हे. माझं सगळं तारुण्य एका डोंगराच्या माथ्यावर गेलं. जो कुणी चढून वर येई तो मला उघडी, आपलं नाव लिही आणि आपल्याआधी कोण येऊन गेलं ते वाची. एवढंच माझं काम होतं आणि ते मला फार आवडत असे.

तो डोंगर हैदराबादच्या पूर्वेला, तारनाक्याच्या बराच पुढे आहे. तिथले लोक त्याला एनुगुगुट्टा म्हणतात. तेलुगूत एनुगु म्हणजे हत्ती आणि गुट्टा म्हणजे टेकडी. शहरातल्या मराठी मंडळींनी त्याचं हत्तीगुट्टा करून टाकलं. दिसायला तो खरोखरच बसलेल्या हत्तीसारखा आहे. उन्हाळ्यात त्याच्या पाठीला हात लावता येत नाही, पण थंडीत वर बसलं की सिकंदराबादेकडे जाणाऱ्या आगगाड्यांचा धूर दिसतो आणि वाऱ्याची दिशा बरोबर असली तर शिट्टीसुद्धा ऐकू येते.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. शुक्रवारी कचेऱ्यांना सुट्टी असे आणि सरकारी कागदांवर फसली सन लिहीत. माझ्या पहिल्या पानावरही १३४० फसली, म्हणजे इंग्रजी १९३०-३१, असंच लिहिलेलं आहे.

मला बनवून घेतलं ते त्र्यंबकराव देगलूरकर वकिलांनी. हा माणूस कोर्टात काळा कोट घालून गंभीर चेहऱ्यानं उभा राही आणि शुक्रवार आला की धोतर खोचून डोंगर चढायला निघे. त्यांच्यासोबत त्यांचे जिवलग मित्र दिगंबरराव कंधारकर असत. दिगंबरराव सरकारी दफ्तरात होते. जुने कागद सांभाळणं, फाटलेले चिकटवणं, कुणी मागितले तर चार प्रश्न विचारून मगच देणं, हे त्यांचं रोजचं काम. डोंगरावर वही ठेवायची कल्पना त्र्यंबकरावांची होती. ती नीट बांधलेली हवी, हा हट्ट दिगंबररावांचा.

अफझलगंजातल्या एका म्हाताऱ्या जिल्दसाजानं माझी बांधणी केली. जाड कागद, कापडी पुठ्ठे आणि पाठीला चामडं. सुई ओढता ओढता त्यानं विचारलं, "वकीलसाब, पहाड पो किताब रखते? वां कौन पढते, बकरियां?"

"बकरियां दस्तखत करे तो वो भी रख लेंगे, चाचा," त्र्यंबकराव म्हणाले.

म्हातारा हसला, पण माझी शिवण त्यानं दुहेरी घातली. ती आजवर उसवली नाही.

दिगंबररावांनी माझ्या पानांवर रकाने आखले. तारीख, नाव, गाव आणि शेरा. मला ठेवायला घट्ट झाकणाचा एक तांब्याचा डबा आला. डब्याच्या कडीला दोऱ्यानं पेन्सिल बांधली आणि माथ्यावरच्या दोन खडकांच्या कपारीत आमचा संसार सुरू झाला.

मला वाटलं होतं, दोघे मित्र सोडले तर कोण येणार. पण माणसं आली. गवंडी आले, गुराखी आले, नव्या विद्यापीठातले विद्यार्थी आले, सिकंदराबादच्या रेल्वेतले गार्ड आणि फिटर आले. कुणी मराठीत लिहिलं, कुणी उर्दूत, तेलुगूत, इंग्रजीत. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते दुसऱ्याकडून लिहवून घेत आणि मग आपलं नाव कुठलं ते बोटानं विचारून घेत. एकानं शेऱ्याच्या रकान्यात फक्त "तहान लागली" एवढंच लिहिलं. त्याच्या खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, "पश्चिमेच्या कपारीत पाणी आहे." पहिला माणूस तोवर उतरून गेला होता, पण त्यानंतर आलेल्या कितीतरी जणांची सोय झाली.

त्र्यंबकरावांना एकच मुलगी होती, अनसूया. घरात तिला अनू म्हणत. ती आठ-नऊ वर्षांची असताना बहमन महिन्यात, म्हणजे थंडी सुरू झाली तेव्हा, वडिलांनी तिला पहिल्यांदा हत्तीगुट्ट्यावर आणलं. शेवटच्या चढावर वडिलांना दम लागला आणि ही परकर सावरत पुढे निघून आली. त्र्यंबकराव वर पोचले तेव्हा ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. त्यांनी घाम पुसला, पेन्सिल घेतली आणि शेऱ्यात लिहिलं, "आज अनू माझ्याआधी वर पोचली."

तिनं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "बाबा, पुन्हा कधी यायचं?"

पुढे दोन वर्षं ती दोघं आली. तिसऱ्या वर्षी त्र्यंबकरावांना विषमज्वर झाला आणि त्यातून ते उठले नाहीत. हे मला कसं कळलं, तर त्या बहमनात अनू आली तेव्हा तिच्यासोबत मामा होते आणि त्यांच्या बोलण्यात ते आलं. आई पायथ्याशी चिंचेखाली थांबली होती. अनूनं मला उघडलं, ती ओळ शोधली आणि प्रत्येक अक्षरावरून हळूच बोट फिरवत वाचली. लिहिलं मात्र काहीच नाही.

तेव्हापासून ती दर वर्षी येऊ लागली. आधी मामांबरोबर, पुढे मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्यावर सोबतच्या बाईंबरोबर. दर वर्षी तेच पान, तीच ओळ, तेच बोट. मला तिची इतकी सवय झाली होती की थंडीचा वारा डब्यावर आपटू लागला की मी तिची वाट पाहत असे.

दिगंबरराव मात्र येईनासे झाले. त्यांचा गुडघा धरला होता, आणि मित्राशिवाय डोंगर चढायला त्यांचं मनही होत नव्हतं.

मग एका पावसाळ्याच्या अखेरीस माझ्यावर वाईट वेळ आली. सहलीला आलेल्या काही मंडळींनी माथ्यावर चहा करायला घेतला. काटक्या ओल्या होत्या. त्यांतल्या एकानं माझी दोन पानं टरकन फाडली आणि चुलीत घातली. त्या पानांवर कोण कोण होतं ते मला पाठ आहे, पण आता ते कुणाला दाखवता येत नाही. जाताना त्यांनी डब्याचं झाकणही नीट लावलं नाही. उरलेल्या पावसात माझ्या कडा भिजल्या.

ही गोष्ट कुणाकडून तरी दिगंबररावांच्या कानावर गेली. दुखऱ्या गुडघ्यानं, ठिकठिकाणी बसत, काठी टेकत ते एकटे वर आले. माझ्या भिजलेल्या कडा त्यांनी पाहिल्या, गेलेली पानं मोजली. खांद्यावरच्या उपरण्यात मला गुंडाळलं आणि खाली घेऊन गेले.

अफझलगंजाजवळ, मुसी नदीच्या बाजूला, आमच्या मराठी मंडळींनी चालवलेलं एक छोटं वाचनालय होतं. दिगंबरराव त्याचे चिटणीस. त्यांनी मला सावलीत वाळवलं, कडुनिंबाचा पाला घातलेल्या काचेच्या अलमारीत ठेवलं आणि कुलूप लावून चाबी जानव्याला बांधली. माझं एक पान उघडं ठेवलं होतं. त्यावर एका जहागीरदारांची मोठी, वळणदार सही होती.

खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटलं. ऊब होती, ओल नव्हती, मुंग्या नव्हत्या. येणारेजाणारे काचेतून बघत आणि "वा, काय सही आहे" म्हणत. पण पान कुणी उलटत नसे. पेन्सिल तर जवळपासही नव्हती. मी वही आहे की चित्र आहे, हेच मला कळेनासं झालं.

बहमन महिना आला. एका दुपारी वाचनालयाच्या दारात अनसूया उभी राहिली. लुगड्याच्या काठाला लाल माती लागली होती. ती डोंगरावरून थेट इथं आली होती.

"काका, बाबांची वही कुठंय?"

"सुरक्षित आहे," दिगंबरराव म्हणाले. "बस. पाणी घे."

"मी डबा उघडला तर आत पाल होती, काका. आणि वहीच नाही म्हणून लोकांनी कोळशानं खडकावर नावं लिहिलीत. अख्खा माथा काळा केलाय."

"दोन पानं फाडली गं त्यांनी. चहासाठी. उद्या तुझ्या बाबांचं पान गेलं असतं, मग मी तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

"मला न सांगता आणलीत."

"हौ. तुला विचारलं असतं तर तू नक्को म्हणाली असतीस."

अनू खुर्चीवर बसली. आवाज न चढवता म्हणाली, "बाबांना ती लोकांनी वाचायला हवी होती. काचेत ठेवायची असती तर त्यांनी घरीच ठेवली असती. मी इथं येऊन वाचेन हो, मला तुम्ही चाबी द्याल. पण ते गवंडी, ते गुराखी इथं येणार आहेत का?"

दिगंबररावांनी कुलूप काढलं आणि मला खिडकीजवळच्या टेबलावर आणून ठेवलं. अनूनं न शोधता ते पान काढलं. माथ्यावर ऊन डोळ्यांवर येतं, वारा पान उडवतो. इथं खिडकीचा शांत उजेड होता. त्या उजेडात तिला पहिल्यांदाच नीट दिसलं. ओळीतलं "अनू" आणि शेवटचं "पोचली" तेवढं उरलं होतं. बाकीची अक्षरं करड्या डागात मिसळून गेली होती.

तिनं त्या डागाकडे पाहिलं. मग आपल्या बोटाकडे पाहिलं.

"हे पावसानं नाही झालं, काका. मीच पुसलंय. दर वर्षी थोडं थोडं."

दिगंबररावांनी चष्मा लावला आणि पानावर वाकले. मला डोंगरावरून आणताना त्यांनी मी किती भिजले ते पाहिलं होतं, किती पानं गेली ते मोजलं होतं, पण वाचलं नव्हतं. आता ते त्या ओळीच्या खालचं वाचू लागले. समासात तेलुगू होतं. त्यांनी अडखळत वाचलं, "आमची लक्ष्मीसुद्धा." त्याखाली उर्दू होतं, "मेरी बेटी अभी गोद में है। अगली बार।" पुढच्याच वर्षीच्या तारखेनं, त्याच हातानं लिहिलेलं होतं, "इस बार चलकर आई।" आणखी खाली एका रेल्वे गार्डानं इंग्रजीत लिहिलं होतं की, माझी मुलगी फार लांब शिकायला आहे, ही ओळ मी तिला पत्रातून कळवणार आहे.

मला हे सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. पण मला कुणीतरी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

"मी कधी बघितलंच नाही हे," अनू म्हणाली. "मी फक्त बाबांचीच ओळ वाचत होते."

दिगंबररावांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. पुन्हा लावला, पुन्हा काढला.

आता अनूच म्हणाली, "राहू दे काका ही इथंच. तुमचंच बरोबर होतं. माझ्या हातानंच जाईल ती ओळ."

"नक्को," दिगंबरराव म्हणाले. "आमच्या दफ्तरातले कागद गप्प बसतात, म्हणून मी त्यांना कुलूप लावतो. ही गप्प बसणारी नव्हे. वर राहिली म्हणून इतकी माणसं त्र्यंबकशी बोलली. इथं माझ्याशिवाय कोण बोललं हिच्याशी? मीसुद्धा नाहीच बोललो."

थोड्या वेळापूर्वी जो जे म्हणत होता, ते आता दुसरा म्हणत होता. दोघांनाही हसू आलं, आणि अनूचे डोळे भरून आले.

माझी पाव भाग पानं अजून कोरी होती. दिगंबरराव म्हणाले, "पानं कोरी आहेत तोवर हिनं वर राहावं. भरली की खाली यावं." अनूनं मान हलवली.

मग त्यांनी दफ्तरातली सगळी हुशारी माझ्यासाठी वापरली. गव्हाच्या खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं, फाटक्या कडांना पट्ट्या लावल्या आणि त्र्यंबकरावांच्या पानावर आरपार दिसेल असा पातळ कागद बसवला. तो बसवण्याआधी त्यांनी दौत उघडून विचारलं, "शाईनं गिरवून देऊ का गं? मला त्याचं वळण माहीत आहे."

अनूनं विचार केला. "नको काका. चांगलं येईल, पण ते तुमचं अक्षर होईल. जेवढं उरलंय तेवढं बाबांचं राहू दे."

पुढच्या शुक्रवारी दोघं मला घेऊन निघाली. दिगंबररावांना चढायला सकाळ पुरली नाही. अनू त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालली. वर पोचल्यावर तिनं ओल्या फडक्यानं खडकावरचा कोळसा जमेल तितका पुसला. मग मला मांडीवर घेतलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यात लिहिलं. तारीख, नाव, गाव आणि शेऱ्यात, "वाचा, पण ओळीवर बोट फिरवू नका. मी फिरवत होते." तेच तिनं काकांकडून उर्दूत लिहून घेतलं आणि तेलुगूत एका गुराख्याला सांगून त्याच्या सोबत्याकडून लिहवलं.

लोकांनी तिचं ऐकलं. त्यानंतर माझं एकही पान फाटलं नाही. डब्याचं झाकण कुणी सैल सोडलं, तर मागून येणारा ते घट्ट करी. माझी उरलेली पानं भरत गेली, आणि शेवटच्या ओळीत एका अनोळखी माणसानं लिहिलं, "वारा छान आहे. जागा संपली."

दिगंबरराव आता नाहीत. चाबी अनसूयाबाईंकडे असते, पण त्या मला कुलपात ठेवत नाहीत. मी वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलावर असते. माझ्या जागी वर दुसरी वही गेली आहे, अगदी नवी, कागदाचा वास अजून न गेलेली.

मित्रांनो, जुनी वस्तू जपायची म्हणून कुणाला दिसणार नाही अशी लपवू नका, आणि सगळ्यांची आहे म्हणून वाटेल तशी वापरूही नका. मला वाचायला जरूर या. येताना हात धुऊन या आणि पान वरच्या कोपऱ्यातून उलटा. पण माझ्याकडे येण्याआधी एकदा हत्तीगुट्टा चढून जा. तिथली वही अजून लहान आहे, तिला फारशी माणसं ठाऊक नाहीत. तिला तुमचं नाव सांगा.