दोन पायांचं जनावर

खोगिराचा पट्टा आवळताना हाउनानीचे हात थरथरत होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती घोड्याच्या आडोशाला उभी राहून काम उरकत होती. पन्नाशी उलटलेली बाई. बेटावरच्या पुउलेहू नावाच्या गुरांच्या रानात जन्मली, पाय फुटायच्या आधी खोगिरावर बसली. घोड्यानं पाडलं, वळूनं कुंपणावर दाबलं, तरी हात कधी थरथरले नव्हते. आज कुंपणाबाहेर कोऱ्या टोप्या घालून पाहुणे उभे होते आणि त्यांना वरल्या रानात न्यायचं होतं.

मॅन्युएल अंकल कुंपणाच्या वरच्या फळीवर बसून काडीनं दात कोरत होता. तिच्या बापाच्या बरोबरीचा गुराखी. कंबर मोडल्यावर त्याचा घोडा सुटला, तोंड मात्र आधीपासूनच सुटलेलं.

"ह्या येड्यास्नी वर न्हेतीस म्हनं?"

"नेड मालक म्हनला, न्हे."

"नेडला म्हनायला काय जातंय. वरल्या गायींनी घोड्यावरचा मानूस तेवढा बघितलाय. ह्ये टोपीवाले बघून त्यास्नी काय वाटंल, कोंबड्या का भुतं?"

"अंकल, सकाळच्या पारी नको."

"बरं, मग सांजच्याला बोलतो. जित्ती आलीस तर."

बेटावर राजा होता तेव्हापासून पुउलेहूत गुरं आहेत. पिढ्यान् पिढ्या इथली वासरं बोटीत घालून समुद्रापार पाठवायची, तिकडच्यांनी ती पोसायची, कापायची, आणि तेच मांस बर्फात घालून परत इथल्या दुकानात यायचं. ह्याला धंदा म्हणायचे. कुणी विचारलं नाही की आपलं वासरू आपल्याच चुलीवर यायला दर्या का ओलांडतंय. पुढं बोटीचं भाडं चढत गेलं, ओळीनं पावसाळे कोरडे गेले, आणि वासरू पाठवण्यापेक्षा कड्यावरून लोटलेलं परवडेल अशी गत झाली.

तेव्हा म्हाताऱ्या मालकाच्या खुर्चीत त्याचा नातू नेड बसला. त्यानं बोट बंद केली. गुरं इथल्याच गवतावर वाढवून इथल्याच हॉटेलांना मांस द्यायला लागला, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून पाहुणे आणले. घोड्यावर बसवून फिरवायचं, दुपारी मांस भाजून घालायचं. खालच्या रानात बरं चाललं होतं. मग पाहुणे कुरकुरायला लागले, म्हणाले, इथल्या गायी म्हाताऱ्या, जागच्या हलत नाहीत, आम्हाला खरं काम दाखवा. शहरातल्या माणसाला सगळं खरं पाहिजे असतं, फक्त त्याची झळ दुसऱ्यानं सोसायची असते.

नेडनं तिला आदल्या दिवशी सरळ सांगितलं होतं. एका जरी पाहुण्याला इजा झाली तर विमेवाले दार बंद करतील. पाहुणे गेले की रानाचे तुकडे पडतील, तिथं बंगले उठतील, आणि चाळीतल्या गुराख्यांनी त्या बंगल्यांचं गवत कापावं. हाउनानीची दोन्ही पोरं त्याच चाळीत संसार करत होती. "आंटी, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही," नेड म्हणाला. लहानपणी ह्याच पोराला तिनं खोगिरावर पुढ्यात घेऊन फिरवलं होतं. त्याला नाही म्हणायला तिची जीभ उचलली नाही.

निघताना तिनं पाहुण्यांना बजावलं: ओरडायचं नाही, अंगातलं काढून हलवायचं नाही, माझ्या पुढं जायचं नाही. घोड्यावरून उतरायचं नाही, हे तिनं सांगितलं नाही. ते सांगायचं असतं हेच तिच्या डोक्यात आलं नाही. पाण्यातून बाहेर पडू नको म्हणून माशाला कुणी सांगतं का?

वर काळ्या दगडांमधून गवत घोड्याच्या गुडघ्याएवढं वाढलेलं. डोंगरावरून धुकं खाली सरकत होतं. पाहुण्यांना गोष्टी आवडतात असं नेड सांगायचा, म्हणून वाटेत तिनं आजाची गोष्ट सांगितली. वर दगडांचा एक उंच ढीग आहे. तिथं बिथरलेल्या कळपाखाली सापडून तिचा आजा मेला आणि त्याच्या नावानं ते दगड रचले. तेव्हापासून तिथून जाणारा प्रत्येक जण आपल्या टोपीवरच्या माळेतलं एक फूल त्याला देतो. पाहुण्यांच्या टोप्यांना तिनं सकाळीच माळा बांधल्या होत्या.

ढिगापाशी आल्यावर तिनं खोगिरावरूनच फूल टाकलं, जसं तिच्या आईनं टाकलं, मामांनी टाकलं, आणि घोडा पुढं काढला. थोडं गेल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज थांबला होता. धुक्याच्या कडेला वासरंवाल्या गायींचा कळप होता आणि त्याचं रवंथ एकदम थांबलं होतं. सगळ्या माना वर. सगळे डोळे तिच्या मागं.

तिनं वळून बघितलं. करड्या घोडीचं खोगीर रिकामं होतं.

डोरथी नावाची सत्तरीची बाई दगडांपाशी गुडघे टेकून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी फूल ठेवत होती. तिचा नवरा आपल्या घोड्यावर बसून मोबाईलवर चित्रण करत होता. बाईनं मान ठेवला होता. मेलेल्या माणसाला फूल फेकून द्यायचं कसं, म्हणून बिचारी उतरली होती.

ओरडावं तर गुरं पण उधळतील आणि बाई पण. हाउनानीनं घोडा हळू आडवा वळवला आणि घशातल्या घशात गुणगुणत निघाली, तिच्या आजीनं शिकवलेलं, गुरांना निजवायचं गाणं. सूर फाटत होता. मांडीला ओल लागली. घाम की आणखी काही, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

"बाई, उठू नका," ती हळूच म्हणाली. "मी घोडा कडेला आणते, मग त्याच्या अंगाला चिकटून उभ्या ऱ्हावा. पाय दिसू देऊ नका."

"माझं काही चुकलं का?"

"न्हाई. माझं चुकलं."

कळपातून एक तांबडी गाय फुरफुरत पुढं आली. खुरानं माती उकरली. हाउनानीनं घोडा तिच्या आणि बाईच्या मधी घातला. बाईनं रिकिबीला मिठी मारली, हाउनानीचा पायच त्यात आवळला गेला. तेवढ्यात मागं कुणा पाहुण्याचा घोडा खिंकाळला आणि कळप फुटला.

जमीन ढोलासारखी वाजायला लागली. धुक्यातून नुसती शिंगं येत होती. हाउनानीनं डोळे मिटले. घोडा कापत होता, पण जागचा हलला नाही. आणि कळप त्या दगडांच्या ढिगापाशी येऊन दोन्ही अंगांनी फाकला. आजा ज्या जागी तुडवला गेला, त्याच जागी त्याच्या दगडांनी वाट अडवली. कळप खालचं कुंपण मोडून गेला, तेव्हा घोड्यांवरच्या कुणाला खरचटलं नव्हतं आणि बाईच्या टोपीवरचं एक फूलसुद्धा पडलं नव्हतं.

संध्याकाळी हाउनानी स्वतःहून नेडसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, मला काढून टाक. नेडनं तिला घरी जायला सांगितलं. पण काही दिवसांनी तोच तिच्या दारात आला, आणि मॅन्युएल अंकल तिथं कॉफी पीत बसलेला. डोरथीच्या नवऱ्यानं ते चित्रण जगाला दाखवलं होतं. फोन थांबत नव्हता. सगळ्यांना वरल्या रानात जायचं होतं आणि सगळ्यांना तिथं खाली उतरून फूल ठेवायचं होतं.

"गुरं जीव घेतील," ती म्हणाली.

"म्हणून गुरांनाच सवय लावायची, आंटी. कुणीतरी रोज त्यांच्यात पायी फिरायचं. त्यांना माणसाचे पाय कळेपर्यंत."

"कुनी?"

नेडची नजर तिच्या बुटांवर गेली. मॅन्युएल अंकल एकटाच हसला. "बघ पोरी," तो म्हणाला, "तुझ्या आज्याला ज्या गुरांनी मारलं, त्येंचं मांस विकून पोट भरंना, म्हनून आता त्याचं मरान विकायचं. पोट भरतंय, त्ये बी खरं."

तिनं दोन्ही पोरांच्या घरांकडं बघितलं. धुणं वाळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वर गेली. कुंपण नवं होतं, कळप जागेवर होता. दगडांपाशी तिनं रिकिबीतून पाय काढला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग उतरली. खालून ढीग फार उंच दिसत होता. गवत मांडीला लागलं, ओलं, गार. माना वर झाल्या. रवंथ थांबलं. तिनं टोपीवरचं फूल काढलं, वाकली आणि दगडावर ठेवलं. घराण्यात हातानं ठेवलेलं पहिलं फूल. त्यासाठी कळपाकडं पाठ करावी लागली. तिनं वळून बघितलं नाही.

कितीतरी वेळानं मागून गवत उपटल्याचा आवाज आला. एकाच गायीचा. बाकीच्या अजून बघत होत्या.

हाउनानी कळपाकडं वळली. तिनं पाऊल उचललं आणि पुढं टाकलं.