सवयीची माफी

मी गाडी चालवायला शिकवतो. बावीस वर्षं माझं एकच पालुपद: दार उघडण्याआधी आरशात बघा. आणि त्या दिवशी एका शिकाऊ माणसावर खेकसत, आरशात न बघता दार उघडलं ते मीच. मागून सायकलवर येणारी शिवणकाम करणारी बाई त्या दारावर आदळली. तिचं उजवं मनगट मोडलं.

मी धावलो. "ताई, माझंच चुकलं हो!" कण्हत होती बिचारी, तरी म्हणाली, "निदान कबूल तरी केलंत. नाहीतर लोक उलट आपल्यावरच डाफरतात."

पण प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा मी काय सांगितलं? दार आधीपासूनच उघडं होतं म्हणून. शिकाऊ माणसानं काही पाहिलं नव्हतं. कोर्टानं माझं ते रस्त्यावरचं वाक्य धरलं आणि सगळा दोष माझ्यावर ठेवला. हा निकाल टिकला असता तर शिकवायचा परवाना गेला असता. मला दुसरं येतं काय, डोंबल? अपील केलं.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, "सगळा निकाल त्या एका वाक्यावर उभा आहे. तेच पाडू."

पाडायला हत्यार मीच दिलं. मी तापट माणूस. दिवसाकाठी दहा जणांवर ओरडतो आणि लगेच दहा जणांना 'माझंच चुकलं' म्हणतो. वरच्या कोर्टानं बायकोची साक्ष घेतली. ती म्हणाली, "अहो, मांजराला पाय लागला तरी हे 'माझंच चुकलं' म्हणतात. फक्त मला कधी म्हणत नाहीत!" न्यायाधीश हसले. मीही हसलो, लाज सोडून. मनगट मोडलेली ती बाई तेवढी हसली नाही.

सवयीनं म्हटलेलं वाक्य म्हणजे कबुली नव्हे, असा निकाल आला. माझ्यावरचा दोष गेला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर व्हरांड्यात ती बाई डाव्या हातानं आणि दातांनी फाइलची नाडी बांधत होती. उजव्या हातात आता कात्री धरता येत नाही, हे तिनं साक्षीत सांगितलंच होतं. मी जवळ जाऊन नाडी बांधून दिली आणि म्हणालो, "ताई, माझंच चुकलं."

"असू द्या हो," ती म्हणाली. "सवय असते एकेकाला."

टोमणा नव्हता तो. तिनं खरंच तसं धरलं होतं. वर म्हणाली, "मीच जरा जपून चालवायला हवी होती सायकल."

नाही हो ताई, तुमची काडीचीही चूक नव्हती! एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं. पण चार पावलांवर वकीलबाई उभ्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नवी तुकडी शिकायला येणार होती.

"सांभाळून जा," एवढंच म्हणालो.