गुदमरवणाऱ्याची कैफियत

मी एक जुना शब्द आहे. डॅनिश भाषेतला. क्वेलस्टॉफ. तुम्ही ज्याला नत्र म्हणता, त्याचं हे नाव. क्वेल म्हणजे गुदमरवणं, स्टॉफ म्हणजे पदार्थ.

मित्रांनो, दोनशे वर्षांपूर्वी विद्वानांनी पाहिलं, की माझ्या हवेत मेणबत्ती विझते, उंदीर मरतो. जर्मन शेजाऱ्यांनी अशाच अर्थाचं नाव ठेवलं होतं, आमच्या डॅनिश लोकांनी ते आपल्या भाषेत उतरवलं. उंदीर मेला प्राणवायू नसल्यामुळे. पण बारशालाच खुनी ठरलो मी!

तुमच्या प्रत्येक श्वासात पाचांत चार भाग मीच असतो, तरी तुम्ही धडधाकट. शेतकरी तर मला पिकाचं अन्न म्हणतात. मग मी मारणारा की पोसणारा? मला आजवर कळलेलं नाही.

डेन्मार्कमधल्या एका खाडीकाठच्या होल्गर नावाच्या शेतकऱ्याला ते कळलं होतं म्हणे. तिथे हिवाळ्यात शेतात पातळ शेणखत टाकायला बंदी असते, कारण त्यात मी भरलेला असतो आणि पावसाने वाहून जातो. एक फेब्रुवारीला ती उठते. त्या दिवशी सगळा गाव खताच्या टाक्या घेऊन निघतो. जमिनीचा चिखल झालेला असला तरी! तारीख आली ना? मग झालं.

पाऊस आला. चिखलातून मी खाडीत वाहून गेलो. उन्हाळ्यात तिथे माझ्यावर पोसून शेवाळ माजलं, मेलं, कुजलं. कुजताना त्याने पाण्यातला प्राणवायू संपवला आणि मासे गुदमरून मेले.

ऑगस्टात गावच्या सभागृहात बैठक होती. रीतीप्रमाणे आधी गाणं झालं, मग कॉफी. होल्गरची धाकटी बहीण सिग्ने खाडीत जाळी लावून पोट भरते. तिने मेलेल्या माशांचं खोकं टेबलावर आदळलं.

"अगं, आधी केक तरी खाऊ दे!" कुणीतरी म्हणालं.

"खा की. यापुढे माझ्याकडे मासे मागू नका."

"क्वेलस्टॉफने केलं हे," होल्गर पुटपुटला.

"त्याला पाय आहेत का रे, दादा? शेतातून खाडीत चालत आला तो?"

होल्गरने कप खाली ठेवला. खोक्यातला एक मासा उचलून पाहिला.

पुढची एक फेब्रुवारी आली. टाक्या धडधडत निघाल्या. होल्गर शेतात उतरला, बूट घोट्यापर्यंत रुतला. त्याने तो ओढून काढला आणि ट्रॅक्टर परत घरी नेला.

"काय रे, बिघडला का?" शेजारी हसला.

"नाही. जमीन अजून ओली आहे."

त्या वर्षी खाडी सावरली नाही. एकट्या होल्गरने काय होणार? सिग्नेची जाळी अजून निम्मी रिकामीच येतात.

मित्रांनो, मला वाईट नाव मिळालं, ते मी सोसलं. पण तारीख बघून खत टाकायचं आणि मासे मेले की माझ्याकडे बोट दाखवायचं, हे बंद करा. आधी शेतात पाय ठेवून बघा. दोनशे वर्षं जे नाव खोटं म्हणून मी रडलो, ते तुम्ही खरं करू नका.