शाळेचा टोप आणि परत गेलेलं पत्र

मी एक जुना टोप आहे. ॲल्युमिनियमचा, पन्नास लिटरचा, एका बाजूची कडी तुटलेला. पेणच्या बाजारातून आलो तेव्हा तोंड दिसेल इतका चकचकीत होतो. आता बूड काळंठिक्कर, अंगभर पोचे. दमलोय बाबांनो, खरं सांगतो.

मित्रांनो, जिते गावाच्या पलीकडे खाडीलगतच्या शाळेत मी अकरा वर्षं खिचडी शिजवली. शिजवण्याचा सरकारी करार ठमाबाईंच्या बचत गटाकडे होता. रोज मुलांच्या आधी शाळेतल्या बाई आणि एक पालक खिचडी चाखायचे, चवीच्या वहीत सही करायचे. पाहुणे वाखाणून जायचे आणि मी उगाच फुगायचो.

गेल्या श्रावणात पोस्टमन पत्र घेऊन आला. करार रद्द झाल्याची कुणकुण आधीच लागली होती. गटातली रोहिणी म्हणाली, घेऊन वाचू तरी. ठमाबाईंनी हात मागे घेतला. "आंगठा दिला म्हंजे कबूल केलं गो. मी नाय घेत." बाकीच्या बायांनाही ते पटलं. पत्र परत गेलं आणि मला कोपऱ्यात पालथा घातला. गाडीतून गार जेवण येऊ लागलं. माझ्या पोटात मुंग्यांनी घर केलं. फार वाईट वाटलं हो.

शेवटी रोहिणी तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथे कळलं, नाकारलेलं पत्रही मिळालंच असं धरतात. करार रद्द करण्याविरुद्ध उत्तर द्यायला पंधरा दिवस होते, त्यातले बारा गेले होते. कारण काय, तर आषाढात तीन दिवस अन्न शिजवलं नाही! अहो, तेव्हा उधाणाने बांध फुटला, शाळेत पाणी शिरलं. बायांनी मला डोक्यावरून देवळाच्या ओट्यावर नेऊन तिथे चूल मांडली होती. रोहिणीने त्या तीन दिवसांच्या सह्यांच्या प्रती काढल्या, उत्तर लिहिलं, सुनावणी मागितली आणि पोच घेऊनच घरी आली.

सुनावणीत साहेबांनी वही चाळली. "हे आधी का नाही कळवलंत?"

"मला वाचता येत नाय, साहेब," ठमाबाई म्हणाल्या. "कागद बघून भ्याले मी."

काम परत मिळालं, पण या वर्षापुरतंच. पुढचं कुणी सांगत नाही.

मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल, माझं राहिलंय किती? पण घरी शिक्क्याचं पत्र आलं आणि आई त्याला हात लावायला भ्यायली, तर शेजारी बसून तिला वाचून दाखवा. अकरा वर्षांत शेकडो मुलं ठमाबाईंना म्हणाली, अजून वाढा. आणा, मी वाचतो, असं एकही म्हणालं नाही.