टिश्यूच्या पाकिटांची पंचायत

सेंदीशी लग्न करायचं तर तिच्या वडिलांचा होकार हवा होता. तिचे वडील, अपाइ जंपी (अपाइ म्हणजे त्यांच्या भाषेत बाबा), सारावाकमधल्या एका नदीकाठी एकाच लांबलचक छपराखाली नांदणाऱ्या बेचाळीस कुटुंबांचे प्रमुख. ते आयुष्यात पहिल्यांदा सिंगापूरला आले ते मला बघायला. शहर त्यांनी येता येता बघितलं. "उंच आहे," एवढंच म्हणाले.

दुपारी आम्ही त्यांना माझ्या ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, जेवायला नेलं.

"अपाइ, इथंच बसा, हलू नका," असं सांगून सेंदी माझ्याबरोबर नूडल्सच्या रांगेत आली.

आमच्याकडे सिंगापुरात टेबलावर टिश्यूचं पाकीट, नाहीतर छत्री, ओळखपत्र, काहीही ठेवलं की टेबल आपलं. मग खुशाल रांगेत जाऊन उभं राहायचं. त्या पाकिटाला हात लावायची कुणाची छाती नसते. मी स्वतः पाच रिकाम्या खुर्च्यांसमोर उभ्यानं सूप प्यायलोय, कारण पाकीट माझ्याकडे बघत होतं.

अपाइ प्रामाणिक माणूस. त्यांना दिसलं ते एवढंच, की या शहरातले लोक उठले की काहीतरी विसरून जातात.

"हिआन," सेंदीनं मला कोपर मारलं, "ते बघ."

अपाइ खुर्चीवर उभे होते. समोरच्या टेबलावर त्यांनी गोळा केलेली एकतीस पाकिटं, सात छत्र्या आणि एका बँकवाल्याचं ओळखपत्र.

"कुणाचं काय हरवलंय?" ते गरजले. हा आवाज नदीपलीकडे पोचवायचा आवाज होता.

वाफाळते वाडगे घेतलेली दोनशे माणसं जागच्या जागी थांबली. कुणाचं टेबल कुठलं, आता कुणालाच सांगता येईना.

"अहो अंकल, ते निळं माझं!" एक बाई ओरडली.

"सगळीच निळी आहेत, ताई. खूण सांगा."

"आत नऊ टिश्यू आहेत."

अपाइंनी शांतपणे मोजले. "आठ. पुढचा!"

पुढचा म्हटल्याबरोबर रांग लागली. रांग दिसली की आमचे लोक आधी उभे राहतात, चौकशी नंतर. शेवटचे विचारत होते, "इथलं काय चांगलं असतं?"

तेवढ्यात सेंटरची मॅनेजरबाई घाम पुसत आली. "हे म्हातारबाबा कुणाबरोबर आलेत?"

रांगेत पहिलेच माझे साहेब, मिस्टर फू, छत्रीसाठी उभे. सेंदी माझ्याकडे बघत होती. मला नूडल्सकडे बघता आलं असतं. मी थोडा वेळ बघितलंही.

"माझ्याबरोबर," मी म्हणालो. "सासरे आहेत माझे."

अपाइंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "कधीपासून?"

"म्हणजे... व्हायचेत."

"मला कुणी विचारलं?"

"जेवण झाल्यावर विचारणार होतो."

"जेवल्यावर?" मिस्टर फू म्हणाले. "ऑफिसातही याचं असंच असतं."

"जाऊ द्या हो अंकल, पोरगा बरा दिसतोय," निळ्या पाकिटाची बाई म्हणाली.

"तुमचा निकाल लागला ना, ताई?"

"नऊच होते!"

"मग गप्प बसा." अपाइ माझ्याकडे वळले. "न विचारता सासरा केला. दंड, एक कोंबडी. अख्खी."

मी पळत कोंबडीवाल्याकडे गेलो. त्यानं आकड्याला टांगलेली उकडलेली कोंबडी काढली. "तुकडे करू?"

"नको, दंड आहे."

"भात?"

दंडाबरोबर भात असतो का, ते मला माहीत नव्हतं. मी घेतला.

अपाइंनी कोंबडी दोन्ही बाजूंनी बघितली. मग भात बघितला. मग मला बघितलं, सगळ्यात जास्त वेळ. सेंदीनं श्वास रोखला होता. तिचा रोखलेला दिसतो.

"भात मागितला नव्हता," ते म्हणाले.

"नाही, अपाइ."

"स्वतःहून आणलास?"

"हो."

"मुलगी दिली," अपाइ म्हणाले. "पुढचा!"

मिस्टर फू पुढे सरकले आणि खूण आठवू लागले.